जांबोटी ते गोकाक: खोडावरून उतरणाऱ्या पावसामागे

शुक्रवार, बेळगाव ते जांबोटी

जुलैत खानापूर तालुक्याकडे निघालेला माणूस बहुतेक धबधबे बघायला जातो. आम्ही झाडांची खोडं बघायला गेलो. भाचा शिरसीला वनशास्त्र शिकतो. झाडावर पडलेल्या पावसातला किती खोडावरून खाली उतरतो आणि रान बदललं की त्यात काय फरक पडतो, या प्रश्नानं त्याला धरलं होतं. त्याच्याकडून ऐकता ऐकता मलाही धरलं. शिवाय हे बघायला आमच्या बेळगाव जिल्ह्याइतका सोयीचा मुलूख दुसरा नाही. पश्चिमेला कणकुंबी-आमगावचा पाऊस, जो कर्नाटकातल्या सर्वांत दांडग्या पावसांत मोडतो. तिथून शे-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला गेलं की गोकाक-सौंदत्तीकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले. एकाच जिल्ह्यात सदाहरित रान, ऐन-किंजळाचं पानझडी रान, सागाची लागवड आणि तरवड-बाभळीचा माळ.

पिरनवाडी सोडली, किणये मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना भाताची नट्टी, म्हणजे लावणी, सुरू झालेली दिसली. खोळ पांघरलेल्या बायका वाकून रोपं लावत होत्या. जांबोटीला माझी मावसबहीण राहते, मुक्काम तिच्याकडेच. चहा होतो न होतो तोच भाच्यानं पिशवी उघडली: सायकलच्या जुन्या ट्यूबा, सिलिकॉनची नळी, बारीक खिळे, सुतळी आणि दोन रिकामे कॅन. बहीण म्हणाली, "अरे, पंक्चर काढायला आलायस काय?"

मग परसात त्यानं समजावलं. झाडावर पडलेला पाऊस तीन वाटांनी जातो. काही पानांवर-फांद्यांवरच राहतो आणि वाळून हवेत परत जातो. बराचसा पानांमधून, फटींमधून टपटपत खाली येतो. उरलेला फांद्यांवरून खोडाकडे आणि खोडावरून थेट बुंध्याशी. ही तिसरी वाट सर्वांत लहान. जिथं जिथं मोजणी झाली आहे तिथं बहुतेक जंगलांत ती एकूण पावसाच्या काही टक्क्यांचीच निघते, बऱ्याचदा पाचाच्या आत.

"मग एवढ्याशा पाण्यासाठी एवढा खटाटोप कशाला?" मी विचारलं.

त्यानं हिशेब मांडला. झाडाचा पसारा ३० चौरस मीटर धर. १० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर ३०० लिटर पाणी पडलं. त्यातलं ३ टक्के खोडावरून उतरलं तर झाले ९ लिटर. पण खोडाचा घेर १ मीटर असेल तर त्याचा छेद ८०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, आणि तेवढ्याच उघड्या जमिनीवर त्या पावसात ८०० मिलिलिटर पाणी पडलं असतं. म्हणजे बुंध्याशी अकरा पट पाऊस. असं गुणोत्तर काढायची रीत स्टॅन्ली हर्विट्झ यांनी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या वर्षावनात काम करताना १९८६ साली मांडली. तिथल्या मुसळधार सरींत काही झाडांच्या बुंध्याशी एवढं पाणी उतरतं, की जमीन ते पिऊ शकत नाही आणि ते वरून वाहू लागतं.

ट्यूब उभी चिरून तिची पन्हळ केली, खोडाभोवती तिरपी दीड वेढा गुंडाळली, सालीत शिरेल न शिरेल असे बारीक खिळे ठोकून बसवली आणि खोड नि ट्यूब यांच्यातली फट सिलिकॉननं बुजवली. खालचं टोक कॅनमध्ये. एक पन्हळ पोफळीला, एक जुन्या आंब्याला. सिलिकॉन ओल्या सालीवर धरत नाही. आधी खोड फडक्यानं कोरडं करायचं आणि पावसाची उघडीप साधायची. करून बघणार असाल तर एवढं लक्षात असू द्या, आणि हे घरच्या नाहीतर ओळखीच्या झाडावरच करा. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय झाडाला सुतळीही बांधायची नाही.

सरी सांजेला सुरू झाल्या. पोफळीचा कॅन जेवणं व्हायच्या आत भरून वाहायला लागला. आंब्याच्या कॅनमध्ये तेव्हा तळ ओला होण्यापुरतं पाणी होतं. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर कारण समोरच होतं. पोफळीच्या झावळ्या वर उभ्या, त्यांचे देठ रुंद आणि खोडाला वेढून बसलेले, त्यामुळे झावळीवर पडलेलं पाणी देठातून खोडाकडेच येणार. आणि खोड गुळगुळीत, वाटेत अडवायला काही नाही. आंब्याची साल जाड, चिरांची. त्या चिरा आधी स्वतः पाणी पितात, पोट भरल्यावर मग खाली सोडतात. त्यातून आंब्याच्या बाहेरच्या फांद्या लवलेल्या आणि पानं खाली लोंबणारी. तिथलं पाणी खोडाकडे न येता पसाऱ्याच्या कडेनंच गळून जातं.

बहीण दारातूनच म्हणाली, "हे सांगायला कॉलेज कशाला पाहिजे?" न्हाणीघरामागच्या पोफळीला तिनं एक विरी, म्हणजे झावळीच्या देठाचं पन्हळीसारखं रुंद आवरण, बांधलेली होती, टोक पिंपात सोडलेलं. पावसाळ्यात विहीर गढुळली की भांड्यांना, गुरांना हेच पाणी. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, त्यात झाडावरची धूळ आणि पाखरांची घाण असते, हेही तिनंच सांगितलं. भाचा वहीत लिहून घेत होता.

जेवायला नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि अळंबीची सुकी भाजी. रानातली अळंबी ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या, स्वतः वेचून खाऊ नका.

शनिवार, कणकुंबी

पहाटे घाटाकडे निघालो. चोर्ल्याच्या रस्त्याला गाड्यांची वर्दळ असते आणि धुकं उतरलं की समोरचं काही दिसत नाही, तेव्हा दिवे लावून आणि सावकाश. जांबोटीच्या पुढे फोनची रेंज भरवशाची नाही. कुणाला काय कळवायचं ते आधीच कळवा.

कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि तिथंच मलप्रभेचा उगम. दर्शन घेतलं आणि राईत शिरलो. बाहेर पाऊस थांबला होता, आत मात्र पडतच होता. अशा दाट रानात पाऊस सुरू झाला तरी जमिनीला कळायला वेळ लागतो, आणि थांबला तरी बराच वेळ कळत नाही. अंजनी, जांभूळ, पिसा, मधूनच भेरली माड. पानांची टोकं बारीक ओढलेली, त्या टोकांवरून थेंब सुटत होते.

खोडांवर नुसती साल अशी दिसतच नव्हती. वीतभर जागेत शेवाळ, दगडफूल, नेचे, एखादं ऑर्किड. फांदीच्या बेचक्यात बाशिंग नावाचं नेचं बसलेलं, त्याच्या पोटात कुजलेल्या पानांचा गच्च ओला गोळा. भाच्यानं शेवाळावर हलकेच बोट दाबलं. पाणी मनगटापर्यंत ओघळलं. बोट काढलं तसं शेवाळ पुन्हा फुगलं आणि वरून येणारा ओघळ त्या जागेपाशी थबकला. खड्डा भरला, मग ओघळ पुढे निघाला. एका जांभळाच्या खोडाशी आम्ही किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. पाणी खोडाच्या एका अंगानं, ठरल्या वाटेनं उतरत होतं. वरून येणाऱ्या दोन ओघळांची गाठ जुन्या फांदीच्या खुणेपाशी पडत होती, पुढे एकच धार होऊन ती मुळाच्या खोबणीत शिरत होती. हातात घेतलं तर फिकट चहाच्या रंगाचं. पानं, साल, शेवाळ, पाखरांची विष्ठा, धूळ या सगळ्यांतून ते काही ना काही विरघळवून आणतं. पालाश, म्हणजे पोटॅशियम, त्यात विशेष, कारण पानांतून तो सहज धुऊन निघतो. बुंध्याशी पोचतं ते नुसतं पाणी नसतं, पातळ खत असतं.

आणि बुंध्याशी फेस. पांढरा, मुठीएवढा, धार पडेल तसा वाढणारा. सालीतून आणि पानांतून आलेले पदार्थ पाण्यात मिसळले की त्याचा पृष्ठताण कमी होतो, खडबडीत सालीवरून घरंगळताना हवा मिसळते आणि फेस धरतो. झाडाला रोग झालाय म्हणून घाबरायचं कारण नाही.

गुरं घेऊन निघालेले एक आजोबा थांबले. अंगावर घोंगडी, हातात काठी. "घरात या की वो, भिजत काय बघायलासा?" त्यांना सांगितलं. त्यांना जराही नवल वाटलं नाही. काठीनं झाड दाखवत म्हणाले, "पाऊस गोव्याकडनं येतोय. झाडाला एकाच अंगानं झोडपतोय. आम्ही दुसऱ्या अंगाला बसतो."

झाडाभोवती फिरून बघितलं. पश्चिमेचं अंग शेवाळानं हिरवंगार, पाणी अखंड वाहतंय. पूर्वेच्या अंगाला माणसाच्या पाठीच्या रुंदीएवढा पट्टा जवळजवळ कोरडा, सालीचा मूळ रंग दिसत होता. वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस एकाच बाजूला बसतो, म्हणून खोडावरच्या पाण्याची वाटही वारा ठरवतो. झुकलेल्या झाडांची आणखी वेगळी तऱ्हा. पाणी खालच्या पोटाकडे सरकतं, तिथून धरवत नाही आणि बुंध्याला पोचायच्या आधीच थेंब सुटतात. अशा एका झाडाखाली जमिनीत थेंबांनी ओळीनं खळगे पाडले होते. आजोबांनी तेही बघितलं आणि "हां, हे बघितलं नव्हतं" म्हणाले, तेव्हा भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पाणी मुळांशी गेलं की पुढे काय होतं, हे वरून दिसत नाही. पण ते मुळांच्या कडेनं, मुळं आणि माती यांच्यातल्या फटींतून खोल उतरतं. वरचा पसारा पाणी गोळा करून खोडाला देतो, खालची मुळं तेच पाणी वाटून जमिनीत नेतात. इथल्या झऱ्यांना पावसाळ्यानंतरही पाणी असतं, त्यात या वाटेचा वाटा आहे, असं मला ती राई बघताना फार वाटलं. मलप्रभा इथून पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. थोडं पलीकडे भीमगडच्या रानातून म्हादई पश्चिमेला गोव्याकडे उतरते. म्हादईच्या पाण्यावरून राज्याराज्यांत तंटा झाला, लवादाचा निवाडा २०१८ साली आला, आणि तिचं पाणी मलप्रभेकडे वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेचं नाव इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. नदीच्या वाट्याबद्दल एवढं बोललं जातं. ती ज्या झाडांवरून उतरते त्यांच्याबद्दलही बोललं गेलं पाहिजे. उगमाभोवतीचं रान राहिलं तरच वाटून घ्यायला पाणी राहील.

भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतल्या दुर्मीळ वटवाघळांसाठी ते अभ्यासकांना माहीत आहे. आम्ही आत गेलो नाही. पावसाळ्यात धबधब्यांकडे आणि रानात जायला अनेकदा बंदी असते, म्हणून निघायच्या आधी खानापूरच्या वनकार्यालयात चौकशी करा.

जळवांबद्दल सांगायलाच हवं. मोजे पॅंटवर ओढून घ्या, घोट्याला मीठ किंवा तंबाखू-चुना लावा. चिकटली तर ओढून काढू नका, मीठ टाका, आपसूक सुटते.

रविवार, नागरगाळी

खानापूरवरून नागरगाळीकडे आलो तसं रान बदललं. ऐन, किंजळ, नाणा, जांबा, कुंभा आणि मधे मैलभर पसरलेला लागवडीचा साग. पाऊस कणकुंबीपेक्षा कमी, पण सरी जोरदार.

इथं शेजारी शेजारी उभी असलेली ऐन आणि नाणा ही दोन झाडं दिवसभर बघत बसावीत अशी. ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकटी चौकटींनी फाटलेली. नाण्याची फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. सर आली आणि नाण्याचं खोड लगेच चकाकायला लागलं, पाठोपाठ पाणी बुंध्याशी. ऐनाच्या चौकटी मात्र एकेक करून काळ्या पडत गेल्या. वरची ओळ भिजली की खालची. सर संपत आली तेव्हा कुठं पहिला ओघळ जमिनीला लागला. लहानसहान सरीचं पाणी ऐनाची साल स्वतःकडेच ठेवते. मोठ्या, लांबलेल्या पावसात मात्र तीही सोडायला लागते. म्हणून एखाद्या झाडाखाली एका सरीत पाणी दिसलं नाही तर निष्कर्ष काढू नये, झड लागू द्यावी. ऐनाच्या खोडात पाणी साठतं आणि रानातली माणसं उन्हाळ्यात फुगवटा बघून ते काढून पितात, हे खरं आहे. पण ते आतलं पाणी, सालीवरून वाहणाऱ्याशी त्याचा संबंध नाही.

सागाच्या लागवडीत शिरल्यावर आवाजच बदलला. सागाचं पान केवढं! त्यावर पाणी जमतं, पान वाकतं आणि टपोरा थेंब उंचावरून थेट जमिनीवर आदळतो. पावसाच्या मूळ थेंबापेक्षा हा थेंब मोठा. खाली झुडपं नसतील तर माती उडते. भाचा गुडघ्यावर बसला आणि मला खाली ओढलं. जमिनीवर बारीक खडे होते आणि प्रत्येक खड्याखाली मातीचा पेरभर उंचीचा खांब. खड्यानं झाकलेली माती तेवढी टिकली, भोवतालची थेंबांनी फोडून नेली. एका खड्याखाली तर वाळलेल्या पानाचा तुकडा छत धरून होता आणि त्याखालची माती अजून कोरडी होती. झाडं आहेत म्हणजे माती राखली गेली, असं आपण सहज म्हणतो. ते कुठलं झाड आणि त्याखाली काय उगवू दिलं, यावर आहे. पलीकडच्या मिश्र रानात, जिथं खाली गवत, करवंदी नि पाचोळा होता, असा एकही खांब सापडला नाही.

दुपारी टपरीवर चहा आणि गरम मिरची भजी. टपरीवाल्या काकांना सागाखालचे खांब सांगितले, तर म्हणाले, "म्हणून आम्ही रानातला पाचोळा झाडून नेऊ देत नाही की वो पोरांना." या वाटेवर खाण्याची सोय कमी आहे, खानापुरातून काहीतरी बांधून घ्या.

सोमवार, गोकाक

मुक्काम बेळगावात करून सकाळी पूर्वेला निघालो. तासाभरात छत्री मागच्या सीटवर गेली. भाताची जागा मका-उसानं घेतली. घटप्रभेला भरपूर पाणी होतं, पश्चिमेचं. गोकाकचा ५२ मीटरचा धबधबा लाल होऊन कोसळत होता आणि बघणाऱ्यांच्या अंगावर ऊन होतं.

आम्ही धबधब्यामागच्या टेकड्यांकडे वळलो. खडक, कमरेएवढी झुडपं, तरवड, मधे हिवर, बाभूळ, कडुनिंब. पाऊस येईल की नाही याची खात्री नव्हती. दुपारी एक भुरभुर सर आली आणि पाच-दहा मिनिटांत गेली. बाभळीच्या चिरलेल्या सालीनं ती जागच्या जागी पिऊन टाकली, बुंधा कोरडा ठणठणीत. बांधावरच्या निलगिरीच्या गुळगुळीत खोडावर मात्र बारीक रेघा उमटल्या. आणि तरवड! बुडातून वर उभ्या फुटलेल्या बारीक, तुकतुकीत फांद्या, सगळ्या एका जागी मिळणाऱ्या. एवढ्याशा पावसात त्या जागी माती गडद झाली.

शेळ्या राखणाऱ्या एका मावशींकडून खुरपं मागून घेतलं. त्या कानडीतून मराठीत येत-जात बोलत होत्या. उघड्यावर खुरप्याचं टोक जेमतेम बुडेल एवढी ओल, खाली धूळ. तरवडाच्या बुडाशी खुरप्याचं पूर्ण पातं बुडलं तरी ओलच, आणि ती मुळाच्या कडेनं आणखी खाली गेलेली. मावशी म्हणाल्या, "गवत पहिलं तिथंच येतंय. शेळीला ठाऊक आहे."

भाच्याचं म्हणणं असं, की अशा कोरड्या मुलखात खोडावरच्या पाण्याची खरी किंमत कळते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात मुल्गा नावाची बाभूळ आहे, तिच्या रानात पावसाचा सुमारे १८ टक्के भाग खोडांवरून उतरल्याची मोजणी आहे. कणकुंबीच्या झाडाला पाणी कमी पडतंय असं आठवडेच्या आठवडे होत नाही. इथं प्रत्येक सर मोलाची. उघड्या मातीवर पडलेली उन्हानं दुसऱ्या दिवशी उडून जाते, मुळाशी गेलेली राहते. आमच्याकडे माळांवर रोपं लावायचे कार्यक्रम दरवर्षी होतात. कुठली रोपं, याचा विचार सावली आणि वाढीच्या वेगावर होतो. फांद्या कशा उभ्या आहेत, साल कशी आहे, हेही बघायला हवं. तरवडाला झुडूप म्हणून उपटून टाकण्याआधी तर नक्कीच.

मावशींच्या घरी ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि भरली वांगी खाल्ली. पैसे घेतले नाहीत, "पुढच्या पावसाला या" म्हणाल्या. गोकाकातून करदंट ही तिथली मिठाई घेतली. ती ताजी घ्यावी, डिंक नि सुकामेवा भरपूर असलेली. भाव दुकानागणिक बदलतो, आधी चव बघायला मागा, देतात.

स्वतः बघायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेकडचं रान आणि सप्टेंबरात पूर्वेकडचा माळ असा बेत करा, तिकडे खरा पाऊस तेव्हाच येतो. दुर्बिणीपेक्षा फडकं, बॅटरी आणि बूड टेकायला प्लास्टिकचा तुकडा कामाला येतो. एका झाडाशी सर येण्याआधी जाऊन बसा आणि सर संपून ठिबकणं थांबेपर्यंत उठू नका.

जांबोटीच्या दोन्ही पन्हळी अजून जागेवर आहेत, बहीण रोज सकाळी कॅन मोजून फोनवर आकडा सांगते. भाच्यानं तिला बजावलंय, दिवाळीच्या आत ट्यूब नि खिळे काढून टाकायचे, कारण खोड वाढतं आणि ट्यूब सालीत रुतते.